घामात टिकणारा रंग

सुगंधा परबच्या डाव्या गालावर कोड होतं. अठराव्या वर्षी ते दिसायला लागलं, आणि तेव्हापासून फाउंडेशनचा जाड थर थापल्याशिवाय तिने मुलुंडच्या घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. लग्नाची बोलणी दोनदा त्या गालापाशी येऊन थांबली. पुढे तिनेच तो विषय बंद केला. तिचा उघडा चेहरा एकट्या आईने पाहिलेला. ती फेब्रुवारीत गेली.

एप्रिलअखेर उन्हाने कहर केला. त्यात एक दिवस ऑफिसातला एसी बंद पडला. शेजारच्या टेबलावरची श्रुतिका बोलता बोलता अडखळली.

"ताई, तुमचा गाल…"

सुगंधाने रुमाल लावला. रुमाल तपकिरी झाला. ती तडक बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावून उभी राहिली.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. "ताई, मीच आहे. थर जाड असला ना, की घामात वाहतोच. मी सुट्टीच्या दिवशी नवऱ्यामुलींचे मेकअप करते, तेही भर मे महिन्यात. रविवारी घरी येऊन शिकवू?"

"ये," सुगंधा आतूनच म्हणाली, आणि रविवारपर्यंत पस्तावत राहिली.

रविवारी श्रुतिकाने खिडकीपाशी खुर्ची ओढली. "आधी तोंड धुऊन या."

सुगंधा बेसिनपाशी बराच वेळ नुसती उभी होती. बाहेर आली ती गालावर टॉवेल दाबूनच. श्रुतिकाने तो हळूच काढून घेतला आणि तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"इथे ऊन लागून लाल झालंय. दुखतं का?"

एवढंच. सुगंधाने मान हलवली.

"आधी सनस्क्रीन. ते मुरू द्यायचं, घाई नाही. मग रंग फक्त एवढ्या भागावर. अख्ख्या तोंडाला कशाला? ओल्या स्पंजने थापायचा, घासायचा नाही. वर पावडर, दाबून."

तिची बोटं गार होती. आई गेल्यापासून सुगंधाला कुणी हात लावला नव्हता. तिने डोळे मिटून घेतले. सगळं नीट कळलं होतं, तरी ती म्हणाली, "परत एकदा दाखवतेस?"

श्रुतिकाने सगळं पुसून पुन्हा दाखवलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "नवरा खाली आलाय. आम्ही गोराईला, समुद्रावर चाललोय."

"जेवून जा ना. बांगड्याचं तिखलं केलंय."

"पुढच्या वेळी नक्की, ताई!"

जिन्यात चपला वाजत खाली गेल्या आणि आवाज विरला.

ऊन उतरायच्या आतच सुगंधा मुद्दाम बाजारात गेली. गर्दीत घामाची धार लागली. टिश्यू गालावर टेकवून पाहिला, तर तो कोराच. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी हाकही मारली नाही. रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन ती काही न घेताच परत आली.

घरी येऊन तिने फोन लावला. "टिकला गं!"

"झकास! बोलले होते ना!" पलीकडे वाऱ्याचा आवाज होता, कुणीतरी हसत होतं.

"वारा आहे का तिकडे?"

"खूप! ताई, उद्या बोलू, हां?"

"हो, हो."

घरात पंखा गरम हवा फिरवत होता. चेहरा धुवायला सुगंधा लगेच उठली नाही.