एकच हाक

आमच्या उमरठच्या बाजूला तिन्हीसांजेला कुणी एकदाच हाक मारली तर ओ द्यायची नाय. जित्तं माणूस पुन्हा हाक मारतं, ते दुसरं एकदाच मारतं. ही अक्कल आमच्या सेजलला पाळण्यापासून दिलेली. तिचा मोठा भाऊ महिपत एका सांजेला म्हशी धुवायला डोहात उतरला आणि त्याचा पाय कपारीत अडकला. पोर तेव्हा वरच्या अंगाला लाकडं गोळा करत होती. "सेजल!" अशी एक हाक आली. ती गप राहिली. दुसरी मारायला त्याला श्वासच उरला नाय.

मी तिची आत्या, आवडी. जळो मेली ती रीत.

पाण्याला घाबरायचं सोडून पोर पाण्यातच पडून राहायला लागली. महाडच्या शाळेतले आमोद सर, त्यांनी तिला सावित्री नदीत पोहताना बघितलं आणि ट्रायथलॉनला घातलं. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, मधे दम खायचा नाय. पोलादपूरचा घाट ती सायकलने चढायची तेव्हा ट्रकवाले माना बाहेर काढून बघायचे. सायकलीत आणि धावण्यात तिला तोड नव्हती. पाण्यात मात्र मधेच थांबायची. सरांना सांगायची, पायात गोळे येतात. खरं मला सांगितलं.

"आत्या, श्वासाला तोंड वळवलं की दादा हाक मारतो. एकदाच."

दोन हजार चार साली परदेशातल्या स्पर्धेची निवड लागली, पहिल्या दोघींना घेणार होते. सर म्हणाले, "आवडीताई, यावेळी थांबली तर संपलं सगळं."

आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, "ओ देऊन टाक गो. भाऊच हाय ना तुझा?"

"आणि त्याने ओढलं तर?"

"मी बरी ओढू देईन. काठावर उभी हाय ना मी."

निवडीच्या दिवशी तलावाच्या मधोमध ती थांबलीच. सरांनी कपाळाला हात लावला. मग तिने डोकं वर काढलं आणि मोठ्याने ओरडली, "ओ दादा, ओ!" काठावरची माणसं हसली. हसा म्हटलं, तुमचं काय जातंय. ती पाण्यातून निघाली सगळ्यांच्या मागून, पण धावून झालं तेव्हा पुढे एकच पोरगी होती. निवड झाली.

सर पेढे वाटत होते आणि ही माझ्या मांडीत तोंड खुपसून रडत होती.

"आत्या, हाक बंद झाली गो. आता त्याचा आवाज कसा होता ते पण आठवत नाय."

तिच्या केसांतला घाम पदराने टिपत बसले. माझ्यापण डोळ्यांना धार लागली.

ती निघाली त्या दिवशी महाडच्या डेपोत तिला मुंबईच्या गाडीत बसवली. दिवस मावळत होता. गाडी हलली आणि माझ्या तोंडून हाक गेली, "सेजल गो!" पुढे जीभच उचलेना.

खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून तिने लगेच ओ दिली.