रात्रीचं हेलिकॉप्टर

सरपंच शिवराज सत्काराचं बोलावणं घेऊन आला तेव्हा सारजाबाई शेतात शेणखत पांगवत होती. परंड्याला मंगल कार्यालयात पावसाळ्याच्या तयारीची बैठक आहे, जिल्ह्याहून साहेब येणार आहेत, मागल्या पुरातून वाचलेल्या लोकांचा सन्मान करायचाय, असं त्यानं सांगितलं. सारजाबाईला ते काही पटेना. वाचण्यात आपण काय पराक्रम केला? सत्कार करायचा तर दोराला लोंबकळत खाली आलेल्या त्या जवानाचा करा, असं ती म्हणाली. पण शिवराज गळ घालत राहिला. गावाची इज्जत म्हणाला. शेवटी ती, नवरा बजरंग आणि सून वैष्णवी असे तिघंही जायला तयार झाले.

मागल्या सप्टेंबरात सीना नदीला आलेला पूर त्या तिघांनी छतावरून पाहिला होता. शेतातल्या वस्तीला संध्याकाळीच पाण्यानं वेढा घातला. अंधार पडल्यावर एक होडी निघाली, पण ओढ इतकी की अर्ध्यावरून तिला माघारी फिरावं लागलं. तिघं एकमेकांना धरून बसले. सारजाबाईनं तुळजाभवानीचं नाव घ्यायचंही सोडून दिलं होतं. मग आभाळात घरघर झाली, डोळे दिपवणारा उजेड छतावर पडला आणि त्या उजेडातून एक माणूस खाली आला. आधी वैष्णवी, मग सारजाबाई, शेवटी बजरंग. दिवस उगवल्यावर गावातल्या शाळेच्या गच्चीवरून सारजाबाईनं वस्तीकडं पाहिलं. घर नव्हतं. छतही नव्हतं. नुसतं गढूळ पाणी वाहत होतं.

तेव्हापासून बजरंग त्या रात्रीबद्दल अवाक्षर बोलला नव्हता. कुणी विषय काढला की उठून जायचा.

मंगल कार्यालय भरलं होतं. साहेबांनी तिघांना वर बोलावलं, शाल-नारळ दिला, फोटो झाले. साहेब वागायला चांगले होते, सारजाबाईला मावशी म्हणाले, गुडघ्यांची चौकशी केली. तिघं पुढच्या रांगेत येऊन बसले आणि साहेबांचं भाषण सुरू झालं. होड्या वाढवल्यात, लाइफ जॅकेटं आलीत, गावोगाव भोंगे बसवणार आहोत. आणि त्याच सुरात, पाणी प्यायला थांबावं तितकंही न थांबता ते म्हणाले की या हंगामापासून हेलिकॉप्टर दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंतच ठेवायचा प्रस्ताव आहे. रात्रीची सेवा बंद होईल. मागल्या हंगामात रात्री एकदाच उड्डाण करावं लागलं होतं, त्यामुळं काळजीचं कारण नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषणात वाजवायच्या असतात तशा.

सारजाबाईचे हात मांडीवरच राहिले. तिनं वळून शिवराजकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. त्याला आधीपासून माहीत होतं तर! सत्कार कशासाठी होता ते आता तिला कळलं आणि कानशिलं तापली. वैष्णवीनं पदर धरला, तो सोडवून ती उभी राहिली.

"साहेब, त्ये एकदा म्हंजे आमीच," ती म्हणाली.

साहेब थांबले. मावशींच्या भावना मी समजू शकतो, असं म्हणून त्यांनी शांतपणे समजावलं. रात्री उडणं धोक्याचं असतं, वैमानिकालाही जीव असतो, निर्णय वरचा आहे, आणि होड्या तर वाढवल्याच आहेत.

"होडी आली होती. अर्ध्यावरनं माघारी गेली. त्या पोरांची चूक न्हाय, पाणीच तसं होतं." ती खाली बसली नाही. "पूर काय उजेड बघून येतो का? तुमाला बंदच करायचं असंल तर करा. पण आमाला बोलवून, आमच्या खांद्यावर शाल टाकून करू नका."

तिनं शाल काढली आणि व्यासपीठाच्या कडेवर ठेवली. सूत्रसंचालकानं पुढचं नाव पुकारायला माईक हातात घेतला, तेवढ्यात बजरंग उठला. तो बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"उजाडायच्या आत छत गेलं," तो म्हणाला. "सकाळी आला असता तुमी, तर कुणाला न्यायला आला असता?"

एवढं बोलून त्यानंही शाल काढली. वैष्णवी तर आधीच उठली होती. मागून सीनेकाठच्या गावांतली माणसं एकेक करून उभी राहू लागली. शिवराजला घाम फुटला. तरी तो पुढं झाला आणि आमच्या गावाचा या प्रस्तावाला विरोध आहे, तो लिहून घ्या, असं सगळ्यांदेखत बोलला. साहेबांनी वर कळवतो म्हणून सांगितलं आणि कार्यक्रम लवकर आटोपला.

आगुटीचा पहिला पाऊस पडून पेरण्यांची घाई सुरू झाली तेव्हा शिवराज पेढे घेऊन आला. यंदाच्या पावसाळ्यापुरती रात्रीची सेवा चालू राहणार होती, पुढं काय ते फेरविचारानंतर ठरणार होतं. तुम्ही जिंकलात काकू, असं तो म्हणाला. सारजाबाईनं पेढ्याला हात लावला नाही.

"यंदापुरतं म्हंजे काय रं? पुढल्या साली सीना रजेवर जाणार हाय का?"

शिवराज पुडा ओट्यावर ठेवून निघून गेला.

पेरणी उरकली आणि सारजाबाई वैष्णवीला घेऊन नदीकाठची गावं फिरू लागली. प्रत्येक ग्रामसभेनं ठराव करावा, नुसत्या टाळ्या वाजवू नयेत, एवढंच ती सांगायची. काही ठिकाणी लोक ऐकायचे, काही ठिकाणी चहा देऊन वाटेला लावायचे. बजरंग बरोबर असायचा. पुराची हकिगत सांगायची वेळ आली की सारजाबाई गप्प बसायची आणि ती तोच सांगायचा.