पेटत्या बांधावरची घोंगडी

घोंगडी टोचते यावरून सकाळीच सासू-सुनेचं वाजलं होतं.

"आत्या, लेकराला पुरळ उठतंय. माझ्या माहेरचं ब्लँकेट बघा, लोण्यावानी हाय," धनश्री म्हणाली.

"मंग लोण्यात निजव त्याला!" साखराबाईनं घोंगडी बाभळीवर टाकून काठीनं झोडायला घेतली. लग्नातली घोंगडी, पण वीण अजून घट्ट. तिला साबण कधी लावलाच नाही. ऊन दाखवायचं, धूळ झोडायची, घडीत कडुनिंबाचा पाला घालायचा.

तेलगावच्या शिवारात, विजयसिंहाच्या रानात त्यांची मेंढरं खतासाठी बसली होती, तिथंच त्यांचं पाल ठोकलेलं. बोलावलेलं त्यानंच. या रानवाल्यांना लेंड्या दिसतात, लेंड्यांमागची माणसं दिसत नाहीत. साखराबाईचा नवरा धुळाजी आणि धनश्रीचा नवरा परमेश्वर, बाप-लेक, मेंढरं घेऊन कालव्यावर गेले. पाण्याचे कॅनही घोड्यावर गेले. दुपारी विजयसिंहानं तुटलेल्या उसाचं पाचट पेटवलं. हाक नाही, निरोप नाही.

वारा फिरला. पालाच्या तिन्ही बाजूंनी आग आणि मागं बिनकठड्याची विहीर. उरला एक बांध, त्यावरचं गवतही धडाडलेलं.

झोळीतल्या ब्लँकेटवर ठिणगी पडली आणि ते वितळायला लागलं. धनश्रीनं ओरबाडून फेकलं, तर काळा चिकटा तळहातालाच बसला.

"घोंगडीत शिर, धने!"

"आत्या, ती पेटंल!"

"लोकर हाय, भडकत न्हाई. लेकरू छातीशी धर. पळ!"

दोघी एका घोंगडीखाली बांधावरून धावल्या. आत अंधार, जळक्या केसांचा वास. लेकरू रडत होतं, मग रडायचं थांबलं.

पलीकडं घोंगडी उघडली. लेकराचं तोंड काळं, डोळे मिटलेले. साखराबाईनं त्याला पालथं घेऊन पाठीवर थापट्या मारल्या.

"रड की रं राजा! रड!"

खोकला आला. मग भोंगा.

विजयसिंह मोटारसायकलवरून आला. "पालात कुणी असंल असं वाटलंच न्हाई बुवा." त्यानं घोंगडीला हात घातला. "नुसती करपली की! लई भारी चीज. द्या इकडं, आमच्या मशीनला गरम पाण्यात धुवून देतो."

"हात काढ," धनश्री म्हणाली. आजवर ती त्याला मालक म्हणत होती. "हिला गरम पाणी चालत न्हाई, साबण चालत न्हाई. आन आमची मेंढरं आता तुझ्या रानात बसत न्हाईत."

"अगं, पण खत..."

"आत्या, काठी द्या. राख झोडायचीय."

साखराबाईनं काठी दिली. विजयसिंह चार पावलं मागं सरकला.