दंडावरचा सेन्सर

दुबईहून माझ्या नवऱ्यानं, दुर्गेशनं, आपल्या मायसाठी साखर मोजणारा सेन्सर पाठवला. दंडावर चिकटवला की आकडे थेट त्याच्या मोबाइलवर. सासूला गोंदियाची जिलेबी सुटेना, म्हणून तिनं तो माझ्याच दंडावर ठोकला. मुर्री गावातल्या या घरात मी सगळ्यांच्या मागून जेवते, तेही उरलं तर.

चौथ्या दिवशी दुर्गेशचा फोन आला, रडवेला.

"माय, तुही शुगर रोज दुपारी साठच्या खाली जाऊन राहिली. जेवत काऊन नाही तू?"

सासूच्या तोंडात जिलेबी होती. मी फोन हिसकावला.

"सेन्सर माह्या दंडाले लावला आहे. उपाशी मी आहो."

त्यानं सुटकेचा श्वास सोडला.

"मंग ठीक आहे," तो म्हणाला. "मी तं घाबरलोच होतो."