पुसा आणि पुसू नका

सोमवारी दुपारी प्रियदर्शिनीला तासाभरात दोन मेल आले. पहिल्यात होतं, सगळं पुसा. दुसऱ्यात होतं, एक अक्षर पुसलंत तर याद राखा.

ऐरोलीतलं तिचं ऑफिस युरोपातल्या एका छोट्या देशातल्या मोबाइल कंपनीच्या नोंदी सांभाळायचं. कुणी कुणाला कधी फोन केला, कुणाचा फोन कुठल्या टॉवरजवळ होता, अशा लाखो नोंदी. त्या देशाचा कायदा म्हणे, दोन वर्षं जपा. पण तो देश युरोपीय संघात सामील झालेला. संघाच्या न्यायालयाने निकाल दिला, की गुन्हा नाही, संशय नाही, तरी सरसकट सगळ्यांच्या नोंदी ठेवणं हा माणसाच्या खासगीपणावर घाला आहे. त्यावर त्या देशाचं घटना-न्यायालय उसळलं. आमच्या राज्यघटनेपेक्षा मोठं कुणी नाही, संघाला आम्ही दिले तेवढेच अधिकार, नोंदी ठेवा.

भांडण दोन न्यायालयांचं, आणि बटण दाबायचं तळवलीत भाड्याने राहणाऱ्या एकोणतीस वर्षांच्या प्रियदर्शिनीने.

"लेटेस्ट मेल कुठला?" तिचे मॅनेजर उदयसिंह यांनी विचारलं.

"सर, कोण शेवटी बोललं यावर कायदा ठरतो का?"

"कायदा तू शिकलीस, मी नाही. क्लायंट काय म्हणतो?"

क्लायंट, म्हणजे ती मोबाइल कंपनी, पहिल्या मेलमध्ये म्हणत होता, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत पुसा. का, तर संघाचा दंड जास्त मोठा. तिने क्लायंटच्या वकिलाला फोन लावला. तो थंडपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही प्रक्रिया करा. मत आम्ही देऊ." फोन ठेवते न ठेवते तोच, दुसरा मेल पाठवणाऱ्या त्या देशाच्या सरकारी कचेरीतून एका बाईंचा फोन आला, "तुम्ही आमच्या घटनेचा अपमान करताय, कळतंय का?" जी घटना तिने आयुष्यात उघडून पाहिली नव्हती, तिचा अपमान! एलएलबीला हा विषय सरांनी एका तासात उरकला होता, पाच मार्कांचा प्रश्न म्हणून. तिला तो परीक्षेत आलासुद्धा नव्हता.

मंगळवारचा दिवस कॉलवरच गेला. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता.

बुधवारी सकाळी ती पोळ्या लाटत होती. तिचे वडील सुगत तिच्या शेजारी मेथी निवडत बसले होते. परभणीकडच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले होते.

"काऊन गं प्रिया, पोळीवर राग काढायलीस?"

तिने सगळं सांगितलं. सुगतांनी मेथी बाजूला ठेवली. "घटनेच्या वर कोन असतंय? असं कसं ऐकून घेतात हे लोक?"

"पप्पा, त्यांनी स्वतः सही करून संघाला अधिकार दिलेत. किती दिले होते आणि नको झालं तर नाही म्हणता येतं का, हाच तर झगडा आहे."

"मंग सही कशाला केली?"

"फायदा होता म्हणून! सीमेवर अडवणूक नाही, माल इकडून तिकडे जातो, माणसं कुठेही कामाला जातात. फायदा हवा, पण निकाल विरोधात गेला की घटना आठवते." ती जरा थांबली. "पण त्यांचंही खोटं नाही. ज्यांना आपण निवडून दिलं नाही त्यांनी आपल्याला का सांगावं? दोघांचंही बरोबर आहे, आणि माझं डोकं फुटायची वेळ आलीय."

सुगतांनी मेथी पुन्हा पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "अर्जदार काय म्हनतात?"

"कोण अर्जदार?"

"ज्यांचे फोन हायेत ते. आमच्याकडं दोन साहेबांचं वाजलं की फाइल वरीसभर पडून ऱ्हायची. पन त्याच्यात कुना गरिबाचा अर्ज असला, तर मी त्याला आवक नंबर टाकून येगळा काढायचो. भांडन साहेबांचं, अर्ज त्याचा."

"ही तहसील नाहीये, पप्पा," ती वैतागून म्हणाली आणि डबा उचलून निघाली.

पण ऑफिसात बसल्यावर तिने सिस्टीममधला 'अस्पष्ट' नावाचा कप्पा उघडला. कुठल्याच ठरलेल्या साच्यात न बसणारी ग्राहकांची पत्रं त्यात टाकत. कुणी ती वाचत नसे. तिने शेजारच्या टेबलावरच्या पायलला हाताशी घेतलं आणि दोघींनी यंत्राने भाषांतर करून एकेक वाचायला सुरुवात केली. एका पत्राची पहिली ओळ होती, "माझे वडील ट्रक आहेत." पायलला हसू फुटलं. पुढचं वाचून ते विरलं. वडील ट्रक चालवत होते. एका गोदामाला लागलेल्या आगीच्या आरोपावरून अकरा महिने तुरुंगात होते. मुलीचं म्हणणं, त्या दिवशी ते चारशे किलोमीटर दूर बंदरावर होते आणि त्यांचा फोनच ते सांगू शकेल. मुलीने त्यांच्या सहीचा कागद जोडला होता. खाली लिहिलं होतं, "कृपा करून पुसू नका."

अशी एकतीस पत्रं निघाली. प्रियदर्शिनीने संघाचा नियम पुन्हा काढला. कोर्टात स्वतःची बाजू मांडायला नोंद हवी असेल, तर माझी पुसू नका असं म्हणायचा हक्क माणसाला त्या नियमातच होता. म्हणजे संघाची हरकत नाही आणि देशाच्या घटनेची तर नाहीच. दोन दिवस सगळे एकमेकांवर ओरडत होते, पण एवढं कुणी पाहिलं नव्हतं.

"क्लायंटने विचारलं का तुला?" उदयसिंह म्हणाले.

"नाही."

"मग नसत्या भानगडीत कशाला पडतेस?"

"सर, शुक्रवारी बटण मी दाबणार, नोंदीत नाव माझं राहणार. या एकतीस जणांच्या नोंदी बाजूला काढल्याशिवाय मी दाबणार नाही. नाहीतर त्याही पुसा असं लेखी द्या आणि माझ्या जागी दुसऱ्याला बसवा."

उदयसिंहांनी कपाळ चोळलं. लेखी द्यायची त्यांची तयारी नव्हती. तिने नियमासह लिहिलेली टिपणी त्यांनी तशीच क्लायंटकडे पाठवली. गुरुवार कोरडा गेला. शुक्रवारी चार वाजता वकिलाचं एका ओळीचं उत्तर आलं: एकतीस वगळा.

सहा वाजता तिने बाकीचं पुसलं.

दोन महिन्यांनी ट्रकवाला सुटला. फोनची नोंद आणि बंदरावरच्या पावत्या जुळल्या, असं त्याच्या मुलीने कळवलं. प्रियदर्शिनीच्या वार्षिक शेऱ्यात मात्र 'प्रक्रियेबाहेर जाऊन काम केले' असं पडलं. दोन न्यायालयांचं भांडण चालूच होतं.

पण त्याआधी, पुसल्यानंतरच्या आठवड्यातच, आणखी नऊ पत्रं आली होती. तशीच, पुसू नका म्हणणारी. त्यांना काय कळवायचं याचा साचा नव्हता. तिने नऊ उत्तरं स्वतः लिहिली, शेवटी 'आम्हाला माफ करा' असं घातलं. उदयसिंहांनी ती ओळ काढली. माफी मागणं म्हणजे चूक कबूल करणं, क्लायंटला चालणार नाही, म्हणाले.

ते जेवायला गेल्यावर तिने ती ओळ नऊच्या नऊ पत्रांत परत घातली आणि पत्रं पाठवून दिली.