सातच्या पोटातली रेघ

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. एक तर यात घडत काही नाही. एक माणूस पोस्टकार्ड पाठवतो, बस. आणि दुसरं म्हणजे ज्याच्याबद्दल लिहितोय तो रोज सकाळी माझ्यासमोरून जातो. मी या इमारतीच्या रिसेप्शनवर बसतो. मोबाईलवर टाइप करतो, मधेच कुणी विचारतं, "डेंटिस्ट कितव्या मजल्यावर?" आणि वाक्य तुटतं. तुटलेलं दिसलं तर सांभाळून घ्या.

तर तळघरातल्या स्टोअररूममध्ये मी आणि मिस्त्री भांडत होतो.

"स्टिकर छापून देतो म्हटलं ना. पत्ता, नंबर, सगळं सुबक. तुम्ही नुसतं चिकटवायचं."

"आणि मजकूर?"

"तोही छापू की."

"मग मी काय करायचं? थुंकी लावायची?"

असं म्हणून ते परत कार्डावर वाकले. पेन डाव्या हातात. पेनाला लिफ्टच्या दरवाजाच्या रबराची पट्टी गुंडाळलेली, पकड जाड व्हावी म्हणून. जीभ दातात. उजवा हात टेबलावर कार्ड दाबून धरायला ठेवलेला, पेपरवेट ठेवावा तसा.

मिस्त्री म्हणजे या इमारतीच्या लिफ्टचे मेकॅनिक. होते. नाव सगळ्यांना माहीत आहे, पण घेत कुणी नाही. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये त्यांचं राज्य होतं. खाली उभं राहून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "दोन नंबरची आज कण्हतेय." मी नवीन लागलो तेव्हा एकदा विचारलं होतं, तुम्ही कुठे कुठे फिरलात हो? तर म्हणाले, "मी? उभा भरपूर फिरलोय. आडवा कुठे गेलोच नाही."

म्हणून कार्डं.

ती भानगड मला समजायला वेळ लागला. एक साइट आहे. तिथे मागितलं की जगातल्या कुणाचा तरी पत्ता मिळतो आणि एक नंबर मिळतो. थोडी इंग्रजी अक्षरं, थोडे इंग्रजी आकडे. तो नंबर कार्डावर लिहायचा आणि कार्ड पाठवायचं. तिकडच्या माणसाने नंबर वाचून साइटवर टाकला, की कार्ड पोचलं. मग भलत्याच कुणाला तरी तुमचा पत्ता जातो आणि त्याचं कार्ड तुम्हाला येतं. एक पोचलं तर एक येतं. नंबर वाचता नाही आला तर बसा हात चोळत.

"म्हणजे ज्याला पाठवलं तो तुम्हाला पाठवतच नाही?" मी विचारलं होतं.

"नाही. तेच तर बरं आहे. देणं एकाला, घेणं दुसऱ्याकडून. उपकार फेडायला तोंडच सापडत नाही."

मशीनरूममधल्या कंट्रोलच्या लोखंडी कपाटावर ही सगळी कार्डं लोहचुंबकांनी लावलेली असायची. कुठल्याशा बेटावरची एक रिटायर नर्स, तिने फक्त तिच्या शेळीबद्दल लिहिलेलं. शेळी दार उघडते म्हणे. एक बस ड्रायव्हर, ज्याने हवामान सोडून चकार शब्द लिहिला नव्हता. एका पोरीने कुत्रा काढून पाठवला होता, त्याला पाय पाच. मिस्त्री म्हणायचे, "पाचवा पाय नाही, शेपटी आहे." मी म्हणायचो पायच आहे. यावर आमचा बराच वेळ जायचा.

मग मिस्त्रींचा उजवा हात लिफ्टच्या वरच्या चाकात गेला. दोर आणि चाक यांच्या मधे. जास्त सांगत नाही. बोटं वाचली. मिस्त्री स्वतःच सांगतात, "पाचही हजर आहेत. कामाला एकही येत नाही."

कंपनीने तळघरात स्टोअर दिलं सांभाळायला. दुसरे मेकॅनिक येतात, बेअरिंग मागतात, हे काढून देतात. कार्डंही वरून खाली आली, इथल्या कपाटावर लागली. पण तेवढीच. वरचं कपाट भरत जायचं, खालचं जसंच्या तसं.

कारण डाव्या हाताने लिहिलेलं एकही कार्ड पोचत नव्हतं. म्हणजे जात असेल, पडत असेल कुणाच्या तरी दारात. पण नंबर वाचायला नको?

इमारतीच्या सगळ्या पत्रपेट्या माझ्या टेबलाच्या बाजूलाच आहेत. कामगारांसाठी एक ठेवलीय, ती खरं तर मिस्त्रींचीच, दुसऱ्या कुणाला पत्र येतंय आजकाल? रोज सकाळी ते पेटीच्या फटीतून आत बघायचे. किल्ली खिशात असून उघडायचे नाहीत. आत अंधार दिसला की मला म्हणायचे, "आज सुट्टी दिसतेय," आणि तळघरात उतरायचे.

एकदा आमचे मॅनेजर स्टोअरमध्ये आले. टेबलावर कागद पडला होता. "वा मिस्त्री! डाव्या हाताने? काय सुंदर लिहिलंय!"

"साहेब, वाचून दाखवा की."

मॅनेजरनी कागद जवळ घेतला. लांब धरला. मग हसून म्हणाले, "हे... अं... आभार मानलेत ना?"

"बेअरिंग संपलीत, मागवा, असं लिहिलंय."

साहेब गेल्यावर मी हसत सुटलो. मिस्त्री हसले नाहीत.

"हे असं आहे बघ. डॉक्टर म्हणतात छान, साहेब म्हणतात सुंदर, घरी म्हणतात किती सुधारलं. सगळे हात बघून वाचतात. तिकडच्या माणसाला माझा हात दिसत नाही. त्याला नुसता नंबर दिसतो. वाचता आला तर आला, नाही तर नाही. सरळ काम. लिफ्ट कधी कुणाची कीव करून वर गेलीय का?"

"पण स्टिकर..."

"तू परत स्टिकरचं नाव काढलंस तर तुझ्या तोंडाला चिकटवीन."

तेव्हा मला कळलं की हे कार्डांचं नाहीच. त्यांना लिहिता येतं की नाही, हे त्यांना अशा माणसाकडून ऐकायचं होतं ज्याला खोटं बोलायचं काही कारणच नाही. मी कानाला खडा लावला.

कार्डं लिहून झाली की वहिनी, म्हणजे मिस्त्रींची बायको, ती पोस्टात टाकायच्या. वहिनी लाँड्रीत आहेत, मागच्या रस्त्यावरच्या. दिवसभर कपड्यांना चिंध्या टाचायच्या आणि चिंधीवर न पुसणाऱ्या शाईने नंबर घालायचे. पोस्टाची पेटी त्यांच्या वाटेवर पडते. मिस्त्री संध्याकाळी त्यांच्या पिशवीत कार्ड ठेवायचे, सकाळी ते निघून जायचं.

आणि मग एका दुपारी माझ्या मोबाईलवर आलं. साइटवरचं त्यांचं खातं मीच माझ्या मोबाईलवर ठेवलंय, त्यांचा फोन साधा आहे. मेसेज वाचला आणि मी टेबल सोडून जिन्याने पळालो. लिफ्टची वाट बघवेना, तेही मिस्त्रींच्या इमारतीत.

"पोचलं!"

"काय?"

"कार्ड! तुमचं! त्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईला पोचलं. नंबर टाकलाय तिने!"

ते उठले, परत बसले, परत उठले. बेअरिंग न्यायला आलेल्या दोन मेकॅनिकांना त्यांनी चहा पाजला. स्वतः ओतला, डाव्या हाताने. अर्धा बशीत, अर्धा टेबलावर. "फोटो असेल बघ," म्हणाले. "काही लोक कार्डाचा फोटो लावतात. काढ."

होता फोटो. मी मोठा करून दाखवला.

कार्डावर मिस्त्रींचा नंबर होता. वाकडा, थरथरता, वाळू ओली करून बोटाने काढावा तसा. आणि त्याच्या खाली, कोपऱ्यात, तोच नंबर परत लिहिलेला होता. बारीक. स्वच्छ. काळ्याकुट्ट शाईत.

मला आधी वाटलं त्या बाईनेच लिहून घेतला असेल. तसं म्हणणारच होतो. पण मिस्त्रींनी फोन हातातून घेतला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. इंग्रजी सात होता. त्याच्या पोटातून आडवी रेघ मारलेली.

"लाँड्रीत असा सात काढतात," ते म्हणाले. "धुऊन शाई फिकी झाली तरी सातचा एक वाटू नये म्हणून."

मेकॅनिक चहा संपवून गेले. जाताना एक म्हणाला, "अभिनंदन हं मिस्त्री!" मिस्त्री म्हणाले, "हो."

त्या संध्याकाळी त्यांनी मला घरी चल म्हटलं. मला अजिबात जायचं नव्हतं. नवराबायकोच्या भांडणात तिसरा म्हणजे दाराच्या फटीतलं बोट. पण गेलो. फोन माझाच होता ना.

वहिनी इस्त्रीचे कपडे घडी करत होत्या. मिस्त्रींनी फोटो समोर धरला. वहिनींनी एकदा बघितलं आणि घडी पूर्ण केली.

"मीच लिहिलाय. मग?"

"का?"

"का म्हणजे? रोज रिकाम्या पेटीत डोकं घालून येता आणि मला सांगता सुट्टी होती. जगात एवढ्या सुट्ट्या असतात होय?"

"अगं, पण मग वाचलं काय त्या बाईने? तुझं अक्षर!"

"पोचलं तर खरं!"

"तुझं पोचलं. माझं नाही."

वहिनींच्या हातातला शर्ट तसाच राहिला. मग आवाज खाली आला. "अहो, आमच्याकडे नंबर नीट नसला तर कपडा परत जात नाही. पडून राहतो. माळ्यावर पोतं आहे तसल्या कपड्यांचं. तुमचं कार्ड तसं कुठेतरी पडलेलं डोळ्यांसमोर यायचं. मला नाही बघवलं."

मी छताकडे बघत होतो. मला वाटलं आता मिस्त्री ओरडणार, किंवा रडणार, आणि मला दोन्हीतलं काहीच बघायचं नव्हतं. पण त्यांनी खुर्ची ओढली, पिशवीतून कोरा कागद काढला आणि रबर गुंडाळलेलं पेन डाव्या हातात धरलं.

"नवीन पोरगी लाँड्रीत लागली, की तिला नंबर कसा शिकवतेस?"

"शिकवते म्हणजे?"

"तसंच शिकव. नवरा म्हणून नाही."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी पदर खोचला.

"पेन उचलायचं नाही मधेच. हात टेबलावर, मनगट हलवायचं नाही, खांद्यातून काढायचं. तीन काढा."

मिस्त्रींनी काढला.

"हा तीन आहे की आठ?"

"तीन."

"मला आठ दिसतोय. एका गिऱ्हाइकाचा पायजमा दुसऱ्याच्या घरी गेला. परत काढा."

"जरा बरा आहे की आधीपेक्षा," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासारख्यांनीच बिघडवलंय यांना."

मिस्त्री हसले. फोटो बघितल्यापासून पहिल्यांदा.

मग हे रोजचंच झालं. वहिनी इतक्या खवट होऊ शकतात हे मला माहीत नव्हतं. मिस्त्री स्टोअरमध्ये कागद भरून काढायचे, संध्याकाळी वहिनी तपासायच्या. "हा कुणाचा पायजमा?" "ही चादर गेली पोत्यात." एकदा मी मधे पडून म्हटलं, थोडं दमाने घ्या, तर मिस्त्रीच माझ्यावर खेकसले, "तिला करू दे. ती एकटीच आता मला वाचतेय."

या सगळ्यात एक गोष्ट झाली. घड्याळवाल्या बाईचं कार्ड नोंदलं गेलं होतं, म्हणजे नियमाप्रमाणे मिस्त्रींच्या नावावर एक कार्ड येणं लागत होतं. ते आलं. पोस्टमनने माझ्यासमोर पेटीत टाकलं. फटीतून निळा रंग दिसत होता, समुद्र असावा. मी लगेच खाली फोन लावला.

मिस्त्री वर आले. फटीतून बघितलं. मला वाटलं आता किल्ली काढतील.

"राहू दे," म्हणाले.

"अहो, तुमच्या नावाचं आहे!"

"माझ्या नावाचं आहे. माझ्या हाताचं नाही. माझं एक पोचू दे, मग दोन्ही एकदम काढतो."

आणि खाली निघून गेले. तेव्हापासून ते कार्ड तिथेच आहे. आता हे टाइप करताना मान वळवली तरी दिसतंय, निळी रेघ. रोज सकाळी मिस्त्री फटीतून बघतात. पूर्वी काही आलंय का ते बघायचे, आता आहे ना ते बघतात.

आज सकाळी त्यांनी माझ्या टेबलावर नवीन कार्ड ठेवलं. चित्रात आपल्याच गावातला पूल. पाठीमागे पत्ता, दोन ओळी मजकूर आणि नंबर. पत्ता एका सुताराचा, कुठल्याशा बर्फाच्या गावातला. दोन ओळींत काय लिहिलंय ते सांगत नाही, पण हाताबद्दल अवाक्षर नाही. बराचसा मजकूर शेळी दार कशी उघडत असेल यावर आहे.

"वहिनींनी पास केलं?" मी विचारलं.

"म्हणाली, कपडा परत जाईल. खात्री नाही म्हणाली, पण जाईल." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मॅनेजरच्या 'सुंदर'ने कधी आलं नव्हतं.

"द्या, जेवायच्या सुट्टीत टाकून येतो."

"तू नको. तीही नको." त्यांनी कार्ड परत उचललं. डाव्या हातात धरलं, उजव्याच्या मनगटाने काचेचं दार ढकललं आणि रस्ता ओलांडून पोस्टाच्या पेटीपर्यंत स्वतः गेले. मला दारातून दिसत होतं. टाकण्याआधी कार्ड उलटून एकदा बघितलं त्यांनी. मग टाकलं. मग पेटीला हलकी थाप मारली, लिफ्टला मारायचे तशी.

परत आले तेव्हा मी मोबाईलवर हेच टाइप करत होतो. त्यांनी वाकून बघितलं.

"माझ्यावर लिहितोयस?"

खोटं बोलता येईना. हो म्हटलं. पुसू का, म्हणून विचारलं.

त्यांनी पेटीच्या फटीकडे बघितलं. "पुसू नको. पण आत्ता कुठे देऊ नको. लोक वाचतील, हळहळतील. परत सगळे हात बघून वाचायला लागतील. सुताराने नंबर वाचू दे आधी. वाचला तर दे छापायला."

"आणि नाही वाचला तर?"

"तर मी दुसरं लिहीन. तू थांब."

मिस्त्री, तुमच्यासमोर नुसती मान हलवली, म्हणून इथे लिहून ठेवतो. सुताराने नंबर वाचेपर्यंत हे मी कुणालाही दाखवणार नाही. शब्द दिला.