नाव न घेता केलेली प्रार्थना

थोरल्या जावेचा राग नेहमी नाकाच्या शेंड्यावर असायचा, त्या दिवशी तो सुईच्या टोकावर बसला होता. तीस वर्षांत चर्चमधल्या निम्म्या नवरीमुलींचे झगे तिनं शिवले, आणि धाकट्या जावेनं पोटच्या पोरीच्या लग्नाचं कापड टाकावं कुठे? तर बाजारातल्या दुकानात! लग्न महिन्यावर आलेलं, आणि सख्ख्या पुतणीचा झगा परक्याच्या मशीनवर.

मन दुखावलं तर आधी त्या माणसाला एकट्यात गाठून सांगा, असं पाळकांनी परवाच बजावलं होतं. त्यावर सगळ्यांत मोठं आमेन थोरलीचंच होतं. पण आपण होऊन धाकटीच्या दारात जायचं? छट्! त्यापेक्षा भगिनीमंडळाची प्रार्थनेची साखळी बरी. एकीनं दुसरीला फोन करायचा, दुसरीनं तिसरीला, अशा अकराजणी. तिनं पाळकबाईंना कळवलं, "एका बहिणीचं मन आपल्याच माणसांविषयी कठोर झालंय हो. नाव नको. फक्त प्रार्थना करा."

चुगलीची चुगली झाली आणि वर भक्तीही दिसली! थोरली इतकी खूश, की गुणगुणत दुपारभरात तिनं दोन गाउन हातावेगळे केले.

संध्याकाळी दार वाजलं. दारात धाकटी, हातात बायबल, डोळे डबडबलेले.

"ताई, साखळी आली. कोण हो ही बया? हिच्या घरच्यांचे काय हाल होत असतील! मला राहवेना. चला, आपण दोघी मिळून प्रार्थना करू."

नाही म्हणायची सोय नव्हती. धाकटीनं तिथेच गुडघे टेकले. "प्रभू, त्या दगडाला पाझर फोड. चांगली खडसाव तिला, पण प्रेमानं." थोरलीनं ओठ चावले. "आणि तिच्या तावडीत सापडलेल्या गरीब जिवाला बळ दे." थोरलीनं हातातला कापडाचा तुकडा तोंडात कोंबला, तरी नाकातून फुर्रकन आवाज निघालाच.

धाकटीनं एक डोळा उघडला. "ताई, रडताय?"

"अगं, ती बया तूच आहेस!"

"मी? मी काय केलं?"

थोरलीचं हसू कुठल्या कुठे पळालं. "पोरीचा झगा दुकानात दिलास. मला वाटलं, मी आता तुमची कुणी उरलेच नाही."

"तुम्हीच म्हणालात ना, डोळे साथ देत नाहीत, बारीक काम होत नाही!"

"अगं, ते तसं म्हणायचं असतं! त्यावर तू म्हणायचं, छे हो ताई, तुमच्याशिवाय कोण शिवणार!"

धाकटी जी हसत सुटली, ती बसल्या जागी आडवीच झाली. "अकराजणी माझ्या नावानं गुडघ्यावर! त्यात मीसुद्धा! अहो ताई, देवाला काय कळवत बसलात? त्याला सगळं ठाऊकच होतं. ठाऊक नव्हतं ते मला एकटीला."

थोरलीनं डोळे पुसले. पहिल्यांदाच कुणाकडे काही मागत असल्यासारखी ती चाचरली.

"मग सरळ विचारते. झगा मी शिवू?"

"शिवा की! दुकानातल्या शिंप्यानं अजून कात्री लावलेली नाही," म्हणत धाकटी चपला न घालताच दुकानाकडे धावली.